पांढुर्लीच्या वावरातला फौजी ट्रेलर: ओळखायचा कसा, वापरायचा कसा

नाशिकच्या विहितगावहून लॅम रोडने देवळाली कॅम्प ही लष्करी छावणी, तिथून भगूर, आणि भगूर सोडून पांढुर्लीच्या दिशेला वळलं की दोन्ही बाजूंना बागा आणि भाजीची वावरं. मित्राच्या काकांच्या शेडमागे एक फौजी ट्रेलर कित्येक वर्षं पडून आहे असं कळलं, म्हणून रविवारी सकाळी निघालो. याच रस्त्याने जाणार असाल तर कॅम्पातल्या फाटकांचे आणि गाड्यांचे फोटो काढू नका. फायरिंग रेंजकडचं लोखंड तर भंगार समजून अजिबात उचलू नका. न फुटलेला गोळा बाहेरून गंजक्या पाइपासारखाच दिसतो.

"शक्तिमानचा आहे. आमच्या वडिलांनी लिलावात घेतला होता," काका म्हणाले. शक्तिमान म्हणजे फौजेचा जुना ट्रक. देवळालीच्या आसपास जे जे हिरवं, ते ते शक्तिमानचं, अशी एक समजूत आहेच. हा मात्र जेमतेम कमरेच्या वर येत होता.

अशा वेळी रंगाकडे बघू नका, रंग कुणीही मारतो. चाक बघा. पाच बोल्ट असतील तर शेजारशेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप धरा. 82 मिमीच्या आसपास आलं तर बोल्टांचं वर्तुळ 139.7 मिमीचं, म्हणजे विलीज या अमेरिकी फौजी जीपचं आणि आपल्या महिंद्रा जीपचंही. 97 आलं तर वर्तुळ 165 मिमीचं, ते लँड रोव्हरचं घराणं. सहा बोल्ट दिसले तर फौजेच्याच जोंगा गाडीकडे बघायचं. इथे 82 भरलं. जीपचा पाव टनी ट्रेलर! काकांचा चेहरा जरा उतरला, पण माझी तर लॉटरी लागली होती.

बाकीच्या खुणाही जुळत गेल्या. हौदा आतून साधारण सहा फूट लांब, चार फुटांना थोडा कमी रुंद, दीड फूट खोल. टायर 6.00-16. पुढे चेंडूवर बसणारं कपलिंग नाही, जाड लोखंडी कडी. आणि तळाला दोन भोकं, ज्यांत कुणीतरी सिमेंट भरून ठेवलेलं. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि बॅन्टम या अमेरिकी कंपन्यांनी हे ट्रेलर बनवले, तेव्हा ओढा-नदी ओलांडताना तरंगावेत म्हणून हौद्यात खालून पाणी शिरणार नाही असा तो बनवला. आत साचलेलं पाणी सोडायला ही भोकं, एरवी ती बुचांनी बंद. सिमेंट छिन्नीने काढलं तेव्हा भोकाभोवतीचा पत्रा बोटाने दाबला तरी चुरत होता. पाणी वर्षानुवर्षं तिथेच बसलं होतं.

कंपनीच्या नावाची पट्टी गेलेली, रिव्हेटची भोकं तेवढी शिल्लक. मागच्या पत्र्यावर ओल्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासलं तेव्हा तिसऱ्या थराखाली वर टोक असलेला पांढरा बाण उमटला. फौजेच्या गाड्यांच्या नंबरात हाच बाण असतो आणि पुढचे दोन आकडे गाडी सेवेत आल्याचं वर्ष सांगतात. इथे आकडे पुसले गेले होते. कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असतं, त्याची धूळ छातीत जाते. ग्राइंडर तर त्या पत्र्याच्या जवळही नेऊ नका.

चाकं खोलण्याआधी रिम नीट बघा. या ट्रेलरला बऱ्याचदा दोन भागांची रिम असते, गोल रांगेत नट लावून जोडलेली. ट्यूबमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या नटांना पाना लावलात तर रिम उडून माणूस जाऊ शकतो. गावातल्या पंक्चरवाल्याला हे आपणच सांगायचं. टायर मिळायला अडचण नाही, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला हाच साइज चालतो. पण ते टायर वावरापुरते, हायवेच्या वेगासाठी नव्हेत.

आता करायचं काय? मित्राला त्यावर तंबू बांधून भंडारदऱ्याला न्यायचा होता. काकांना पाचशे लिटरची टाकी ठेवून फवारणी करायची होती. दोन्ही बेत मोडले. या ट्रेलरची खडबडीत जमिनीवरची क्षमता 500 पौंड, म्हणजे 227 किलो. पाचशे लिटर पाणी एकटंच पाचशे किलो. दोनशे लिटरचा ड्रम मात्र चालेल. तो एक्सलच्या किंचित पुढे, पट्ट्यांनी आवळून बसवा, कडीवर थोडं वजन राहिलं पाहिजे. ट्रेलरची रुंदी पाच फुटांच्या आत असल्याने बागेच्या नऊ फुटी ओळींतून सहज फिरतो.

तंबूचं घोडं कागदावर अडलं. रस्त्यावर न्यायचा तर ट्रेलरचीही नोंदणी लागते आणि फौजेतून निघालेल्या वाहनासाठी आरटीओ फॉर्म 21 मधला मूळ विक्री दाखला मागतं. काकांकडे लिलावाची पावतीसुद्धा नाही. घेणार असाल तर दाखला हातात आल्याशिवाय पैसे मोजू नका, मग विकणारा कितीही ओळखीचा असो. सरकारी लिलाव बऱ्याचदा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन ई-लिलावात होतात. तिथे माल आहे त्या स्थितीत मिळतो, म्हणून बोलीआधी प्रत्यक्ष बघून या. टेप, टॉर्च आणि गुडघ्याखाली घालायला गोणपाट सोबत न्या.

तळाचा पत्रा बदलायला काकांनी भगूरच्या वेल्डरला सांगितलंय. रंग पुन्हा हिरवाच हवा असा त्यांचा हट्ट, पण ऑलिव्ह ग्रीन खासगी वाहनाला कायद्याने चालत नाही. वावरात कोण बघतंय, हे त्यांचं उत्तर. शेवटी ट्रॅक्टरसारखा लाल ठरला.