तुम्ही विचारलेत म्हणून: तेव्हा मी काय खात होते

सोलापुरात नव्या पेठेत खरेदीला गेले किंवा लग्नाच्या पंगतीत बसले, तरी एक प्रश्न ठरलेला असतो: "मॉडेलिंग करत होतात तेव्हा तुम्ही काय खात होतात हो?" विचारणाऱ्या बहुधा आया असतात, आणि शेजारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी मान खाली घालून, पण कान देऊन उभी असते. त्यांना आहाराचा तक्ता हवा असतो. तसा तक्ता माझ्याकडे होता. मलाही तो एका ज्येष्ठ मॉडेलने असाच प्रेमाने लिहून दिला होता, आणि म्हणूनच मी तो कोणाला देत नाही. बाकीचे सगळे सांगते.

आमच्या घरी शेंगाचटणी आजी उखळात कुटत असे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरे, लाल तिखट आणि मीठ एवढेच साहित्य, पण दाण्यांना तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही, हा तिचा नियम होता. (मिक्सरमधून काढलेल्या चटणीला ती 'भुकटी' म्हणे, माझेही मत तेच आहे.) मी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला निघाले तेव्हा पिशवीत त्या चटणीची बरणी आणि डबाभर कडक भाकरी होती. ज्वारीची ही भाकरी पातळ थापून, तव्यावर दाबून दाबून तिच्यातले पाणी पार आटवतात, त्यामुळे ती कित्येक दिवस टिकते. टिकते म्हणून आईने ती दिली होती. मला तिचा दुसराच उपयोग सापडला: ती मोडते, आणि मोडलेले तुकडे मोजता येतात.

घरी आल्यावर मोजणे लपवावे लागे, म्हणून मी उपास धरले. आधी सोमवार, तो आमच्या ग्रामदैवताचा, सिद्धेश्वराचा, त्यामुळे कौतुकच झाले. मग गुरुवार, मग शनिवार, आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी समोर आली की आज निर्जळी आहे असे सांगणे. आपल्याकडे ताटावरून उठलेल्या मुलीला दहा जण कारण विचारतात, पण 'उपास आहे' म्हटले की विचारणाराच हात जोडतो. माझ्या आजाराला याहून सुरक्षित घर मिळाले नसते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी जानेवारीत आले तेव्हा भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा पुढे असताना मी कुठलेसे व्रत सांगून उठले. "न खाई भोगी, तो सदा रोगी," आजी हसत म्हणाली.

पुढे कित्येक महिने पाळी आली नाही. आईला भलतीच शंका आली, आणि दोन दिवस मनात ठेवून तिने ती माझ्याकडे न बघता विचारली. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, तेव्हा आजाराला नाव मिळाले: ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडत नेणारा मानसिक आजार.

डॉक्टरांना मी सांगितले की मला घराची फार आठवण येते, रात्री चटणीचा वास येतो, मी पाककृती वाचत बसते आणि मैत्रिणींना रांधून वाढते. त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग सांगितला. १९४४-४५ मध्ये तिथे ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तर ते उदास आणि चिडचिडे झाले, अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांना सुचेना आणि काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ते ऐकून मला सुटल्यासारखे वाटले आणि वाईटही वाटले, कारण आजीच्या चटणीची जी हुरहूर मी माया समजत होते, तिच्यात माया किती आणि निव्वळ भूक किती, हे मला सांगता येईना. आजही येत नाही.

माद्रिदच्या फॅशन वीकने २००६ मध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) १८ पेक्षा कमी असलेल्या मॉडेलना मनाई केली आणि फ्रान्सने २०१७ पासून मॉडेलना वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचे केले. मला काम देणाऱ्यांनी कधी कागद मागितला नाही, फक्त टेप लावला.

बरे व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. औषध आणि समुपदेशन होतेच, पण मला आठवतात ते बाबा. यंत्रमागावरची पाळी संपवून ते माझ्यासमोर स्वतःचे ताट घेऊन बसत, आणि मी शेवटचा घास घेईपर्यंत कारखान्यातल्या टॉवेलांच्या, तुटलेल्या धाग्यांच्या गोष्टी सांगत. "खा" हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. वजनकाटा कधी माळ्यावर गेला, ते मला कळलेही नाही.

हे सारे पंगतीत सांगता येत नाही. तक्त्याऐवजी मी त्या आईला १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, निःशुल्क क्रमांक लिहून देते. काही जणी रागावतात. मग आता काय खाता, असेही विचारतात. भाकरी, भाजी, वर चटणी आणि दही. तरी एखाद्या दिवशी भाकरी मोडता मोडता बोटे पुन्हा तुकडे मोजू लागतात. त्या दिवशी मी आईला म्हणते, "आज तूच वाढ," आणि ती काही न विचारता वाढते.