कॅम्परची हायड्रॉनिक हीटिंग: ग्लायकॉल भरण्याचा टप्पा

हायड्रॉनिक म्हणजे हीटर द्रव तापवतो आणि पंप तो होजच्या बंद वळशात (लूपमध्ये) फिरवून राहण्याची सोय असलेली गाडी, म्हणजे कॅम्पर, गरम ठेवतो. ग्लायकॉल म्हणजे पाणी गोठू नये म्हणून त्यात मिसळायचा द्रव.

सध्याची स्थिती: हीटर, पंप, दोन फॅन-रेडिएटर आणि नळाचं पाणी तापवणारा प्लेट हीट एक्स्चेंजर जोडून झाले. लूपमध्ये एकूण १२ लिटर मावतात. आतून १८ मिमी व्यासाच्या होजमध्ये मीटरला पाव लिटर बसतं, म्हणजे २० मीटर होजचेच ५ लिटर.

नाशिकमध्ये गोठण्याचा प्रश्न नाही. निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात तेव्हाही पारा बहुधा शून्याच्या वरच असतो. पण गाडी लेह-काझाकडे न्यायची तर जानेवारीत उणे २० धरूनच चालावं लागतं. शिवाय गंज थंडीची वाट बघत नाही, त्यामुळे इथे उभ्या गाडीतही नुसतं पाणी नको.

निवड प्रॉपिलीन ग्लायकॉलची, आणि त्याचं कारण हीट एक्स्चेंजर. त्याची प्लेट फुटली तर लूपमधला द्रव थेट अंघोळीच्या, भांड्यांच्या पाण्यात उतरतो. एथिलीन ग्लायकॉल विषारी, वर चवीला गोड. गॅरेजमध्ये मिळणारे हिरवे-लाल कूलंट बहुतेक एथिलीनचेच असतात. रंगावर जाऊ नका, तो नुसता डाय असतो; लेबल वाचा. केमिकलच्या दुकानातलं शुद्ध फार्मा ग्रेड प्रॉपिलीनही चालत नाही, कारण त्यात गंजरोधक नसतात. कॅनवर ‘इनहिबिटेड’ लिहिलेलं हवं आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा उल्लेख हवा. नळाच्या पाइपांत हिवाळ्यासाठी भरतात तो गुलाबी द्रवही इथे कामाचा नाही. सिलिकेट गंजरोधकाच्या जुन्या कूलंटवर ऑरगॅनिक गंजरोधकाचं नवं ओतलं तर जेल होऊन पंप अडकू शकतो.

प्रमाण ५०:५०. त्याने साधारण उणे ३३ पर्यंत सांभाळलं जातं. ४० टक्क्यांनी उणे २१-२२. जास्त घातलं की जास्त चांगलं, असं अजिबात नाही. द्रव घट्ट होतो, पंपाचा प्रवाह पडतो, उष्णताही कमी वाहून नेली जाते. २५ टक्क्यांच्या खाली मात्र जिवाणू वाढतात.

पाणी बोअरचं किंवा नळाचं नको. क्षार हीटरच्या तापलेल्या भिंतीवर बसतात, क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला छिद्रं पाडतं. बॅटरीचं डीएम (क्षार काढलेलं) पाणी घ्या आणि टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मीटरवर १० च्या आत आहे ना ते बघा. दुकानात शेजारीच बॅटरी अ‍ॅसिडचे कॅन ठेवलेले असतात, तेवढं जपून. जोडणीला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं) निपल वापरू नका. ग्लायकॉलमधले गंजरोधक जस्तावर खर्च होतात आणि गाळ धरतो. पितळ किंवा स्टेनलेस चालेल.

शेवटचं फ्लशिंगही डीएम पाण्यानेच. कितीही निथळलं तरी लूपमध्ये लिटर-दीड लिटर पाणी उरतंच, म्हणून तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. आधी ६ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं ग्लायकॉल) भरा, मग उरलेली जागा डीएम पाण्याने. एक्स्पान्शन टाकीची (तापलेल्या द्रवाला फुगायला जागा देणाऱ्या टाकीची) बाजू उंच राहील अशी गाडी रॅम्पवर चढवा, बर्नर बंद ठेवून फक्त पंप फिरवा आणि होज दाबत दाबत बुडबुडे टाकीकडे आणा. रेडिएटरची एक बाजू गरम, दुसरी गार, आणि हीटर ओव्हरहीटवर ट्रिप होतोय, तर हवा अडकलेली आहे. झाकण लूप थंड झाल्यावरच उघडा.

ग्लायकॉलचं प्रमाण मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून उजेड किती वाकतो त्यावरून मोजणारं उपकरण), तोही प्रॉपिलीनच्या स्केलचा. तरंगत्या गोळ्यांचा टेस्टर एथिलीनसाठी असतो, तो इथे खोटं सांगतो. १२ लिटरमध्ये ४० टक्के निघाले तर २ लिटर काढून तेवढंच कॉन्सन्ट्रेट घाला, बरोबर ५० होतात. गळती नसताना पातळी उतरली तर डीएम पाणी, गळती असेल तर ५०:५० मिश्रण.

भरतानाचा पीएच मार्करने टाकीवर लिहून ठेवा. वर्षातून एकदा पीएचची पट्टी बुडवा. आकडा ७ च्या खाली गेला, किंवा द्रव तपकिरी होऊन आंबूस वास आला, की ग्लायकॉल आम्ल झालंय. मग वरून थोडं नवं घालून भागत नाही, सगळं काढावं लागतं. तसं झालं नाही तर ऑरगॅनिक गंजरोधकाचा द्रव ५ वर्षांनी बदला, जुन्या सिलिकेट प्रकारचा २ वर्षांनी. काढलेला द्रव झाकणाच्या कॅनमध्ये, गटारात नाही.