डिस्ट्रिब्युटर का काढलात?

"चालत होती ना गाडी? मग डिस्ट्रिब्युटर का काढलात?" रविवारी सकाळी चहाच्या टपरीपाशी माझ्या एमजीबीचं (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) बॉनेट उघडलं, की हे कुणीतरी विचारतंच. आवाजात हळहळ असते, जणू मी वाड्याचा लाकडी जिना पाडून लिफ्ट बसवली आहे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला वेळेवर ठिणगी वाटून देणारा, इंजिनाबरोबर फिरणारा भाग.

तर तुम्ही विचारलंत म्हणून. गाडी १९६६ची. इंजिन १७९८ सीसी, बी-सिरीजचं, म्हणजे आपल्या अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्या घरातलंच, फक्त अंगानं मोठं. त्यामुळे अ‍ॅम्बॅसेडरवर हयात घालवलेल्या आमच्या मिस्त्रीमामांना तिचं दडपण कधी आलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी ते पॉलिश पेपरनं सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली, करंट तोडून ठिणगी पाडणारी संपर्काची जोडी) घासायचे, पंधरा थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅप लावायचे, आणि गाडी चालायची. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल शिरून मिसिंग (ठिणगी चुकणं) व्हायचं, तेही फडक्यानं पुसून भागायचं.

खरं दुखणं डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्यात होतं. त्याच्या टोकावरचा रोटर काढून शाफ्ट आडवा हलवला की टकटक वाजायचा. असा प्ले असला की चारही सिलिंडरना गॅप वेगवेगळा मिळतो, एकाचा करंट (म्हणजे ठिणगी) लवकर पडतो, दुसऱ्याचा उशिरा. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मारली की पुलीवरची खूण नाचायची. बुश बदलून पाहिले, खूण बरीच शांत झाली. पण खंबाटकी घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरात गाडी नॉक करायची (इंजिन आतून ठोकल्यासारखं वाजायचं) ती करायचीच. टायमिंग मागे घ्यावं तर नॉकिंग थांबे आणि खालचा पिकअप मरे. डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली वजनं आणि स्प्रिंगा ठरवतात की किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) करंट किती अंश आधी पडायचा. ते गणित साठच्या दशकातल्या विलायती पेट्रोलसाठी होतं, आणि मधलाच एखादा आकडा बदलायची सोय त्यात नाही. मी डिस्ट्रिब्युटर काढला तो या चढापायी.

आता पुढच्या पुलीवर लोखंडी चकती आहे. तिला ३६ दात असायला हवेत, आहेत ३५. दर दात दहा अंशांचा, आणि पडलेल्या दातावरून समोरच्या सेन्सरला कळतं की क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) कुठवर फिरला. फोर्डचं जुनं ईडीआयएस मॉड्यूल (डिस्ट्रिब्युटरशिवाय ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइल पॅक बाहेरून मागवला. त्यात दोन कॉइल: एक पहिल्या-चौथ्या सिलिंडरची, दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याची. जोडीतले दोन्ही प्लग एकदम पेटतात. एक कामाचा, दुसरा एक्झॉस्टच्या वेळी फुकट. ६००० आरपीएमला एकट्या कॉइलला सेकंदाला २०० ठिणग्या द्याव्या लागायच्या, आता प्रत्येकीवर १०० येतात. अंश किती ते छोटा कंट्रोलर सांगतो. त्याच्या तक्त्यात आरपीएम आणि मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्यूम बघून मी आकडे भरतो. चढावरचे तेवढे चार आकडे कमी केले आणि नॉकिंग गेलं.

(हे 'ओरिजिनल' नाही म्हणणाऱ्यांना मी सित्रोएन टूसीव्ही आठवून देतो. १९४८च्या त्या गाडीलाही डिस्ट्रिब्युटर नव्हता, आणि तिथेही एक ठिणगी फुकटच जायची.)

वायरिंगनं मात्र रडवलं. गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, आणि नव्या मॉड्यूलला उलटं हवं. म्हणून सीटमागच्या दोन्ही सहा व्होल्टच्या बॅटऱ्या उलट्या जोडल्या, डायनॅमोची पोलॅरिटी फिरवली. टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारं मीटर) जुन्या कॉइलचा करंट मोजणारा, तो कॉइल पॅकवर मेला. त्याच्या आत आता नवं सर्किट आहे. सेन्सरचा ब्रॅकेट मी घरीच तीन एमएमच्या पट्टीचा केला, ही शुद्ध हौस. जुन्या कात्रज घाटात ३५०० आरपीएमच्या वर गाडी अशी काही झटके देऊ लागली की बायकोनं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. पट्टी थरथरत होती, दात चुकत होते. मग भोसरीत सहा एमएमची प्लेट कापून घेतली आणि सेन्सर चकतीपासून जेमतेम एक एमएमवर घट्ट बसवला.

मायलेज? सांगण्यासारखं वाढलं नाही. पॉवरही तेवढीच. स्टार्ट मात्र थंडीतही पहिल्या सेल्फला. कंट्रोलर बंद पडला तर मॉड्यूल दहा अंशांवर टायमिंग धरून घरी आणतं. सेन्सर गेला तर गाडी जागेवर उभी. तिथे पॉलिश पेपर कामाचा नाही, म्हणून जादा सेन्सर बरोबर असतो. मामा अजूनही चकतीकडे संशयानं बघतात, "पल्सरचाच पिकअप की हा," म्हणतात, म्हणजे पल्सर मोटरसायकलमधला सेन्सर. चूक नाहीत.

तुमच्या गाडीला करायचं मनात असेल तर आधी रोटर काढा आणि शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. टकटक नसेल आणि चढाला नॉकिंगही नसेल, तर नाना पेठेत जाऊन सीबी पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा एक बरा कंडेन्सर तेवढा शोधा. माझे एका पावसाळ्यात तीन गेले होते.