आईचं नाव यादीत का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

१८ जूनचा गोवा क्रांतिदिन आला की कुणीतरी विचारतं, १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनाला पुन्हा. "तुमच्या आईनं चळवळीची पत्रकं पोचवली म्हणता, मग स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत तिचं नाव कसं नाही?" यंदा एका गृहस्थांनी शाळेतल्या मुलांसमोर विचारलं, 'म्हणता'वर जोर देऊन. म्हणून एकदाच लिहिते.

तिला पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, पोलिसांनी कधी पकडलं नाही, म्हणून नाव नाही. सुधाताई जोशींनी ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात उघड सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला. लिबिया लोबो सरदेसाई १९५५ पासून १९६१ पर्यंत जंगलातून गुप्त रेडिओ चालवत होत्या. त्यांच्या शेजारी आईला बसवायचा माझा आग्रह कधीच नव्हता. पण टोपली खोटी नव्हती.

आई तेव्हा वीस वर्षांची. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, घेऊन बसायची. टोपलीच्या तळाशी पत्रकं, त्यावर केळीचं पान, मग वळेसर. पान आधी चुलीवर शेकून घ्यायची, म्हणजे ते चिरत नाही आणि फुलांचं पाणी कागदावर उतरत नाही. हे तिनं मला पानावर पातोळ्या घालताना सांगितलं, जाता जाता. किती वेळा नेली, ते कधी मोजून सांगितलं नाही.

१९८८ साली मीच तिला स्वातंत्र्यसैनिकांची नावं नोंदवतात त्या कार्यालयात घेऊन गेले. कारकुनानं तुरुंगाचा दाखला मागितला. आई म्हणाली, "म्हाका धरली ना, म्हणून तर काम जालें." मला पकडलं नाही, म्हणून तर काम झालं. कारकून हसला नाही, चिडलाही नाही. दाखला नसेल तर तुरुंगात राहिलेल्या एखाद्या सैनिकाचं प्रतिज्ञापत्र आणा, म्हणाला. ज्यांच्यासाठी ती पत्रकं न्यायची त्यांच्याकडे आम्ही गेलो. त्यांनी आनंदानं होकार दिला, चहा पाजला, टंकलेखकाकडून मजकूर करून घेतला. आईनं कागद डोळ्यांजवळ धरून वाचला: 'यांनी आपल्या पतीच्या कार्यास घरातून साहाय्य केले.'

"१९५५ मध्ये माझं लग्न झालं होतं का?" तिनं विचारलं. बाबा तर तेव्हा मुंबईत नोकरीला होते, चळवळीशी त्यांचा संबंध नव्हता. ते गृहस्थ समजुतीनं म्हणाले, "बायकांच्या अर्जाला असंच लिहितात, लवकर मंजूर होतं." आईनं कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि उठली.

बसस्टँडवर मी तिच्यावर ओरडले. चार माणसांसमोर. शब्दाला शब्द लावत बसलीस, पेन्शन मिळाली असती, पडवीचं छप्पर झालं असतं. ती बसची पाटी वाचत राहिली.

पुढे कितीतरी वर्षं मी सांगत आले की आई स्वाभिमानी होती आणि मला ते तेव्हाच कळलं. खोटं आहे. मला ते कळलं बाबांच्या एका आठवणीवरून. ९ डिसेंबर १९६३ ची, गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक. ज्या माणसांच्या हातात आईनं पत्रकं दिली होती, त्यांतलेच दोघे प्रचाराला दारात आले आणि बाबांना म्हणाले, "तुमच्या घरची मतं किती?" आई उंबऱ्यात उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. बाबा ही आठवण कौतुकानं सांगायचे, आपल्या घराला मान होता म्हणून. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात तिनं फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायला, शिक्का मारला की दोन पानांवर, म्हणजे वेगळं राहायला, हे तिनं बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गोव्यात बाई मुख्यमंत्री झाली, असंही मला ऐकवलं जातं. झाल्या ना, शशिकलाताई काकोडकर, १९७३ ते १९७९. मला त्यांचा अभिमान आहे. आणि २०२२ च्या निवडणुकीत ४० जागांवर ३ बायका निवडून आल्या, हेही खरं आहे. मुक्ती झाली तेव्हा टोपल्या उचलणाऱ्या बायका परत घरात कशा गेल्या, हे कुणी मला विचारत नाही. दाखला मात्र विचारतात.

तरी त्या दिवशी बसस्टँडवर मी चुकले, असं म्हणायला अजून जीभ वळत नाही. त्याच पावसात पडवीचं छप्पर खचलं. आईनं गळतीखाली पातेली मांडली, रात्री उठून उठून ती रिकामी केली. पेन्शन तिच्या हक्काची होती, एका खोट्या ओळीवर मिळाली असती तरी तिचीच. असं मला वाटतं. मग तो कागद काढून ती ओळ वाचते, आणि वाटत नाही.