कॅम्पस बंद, कर्ज चालू

मुलगा दुबईत शिकत होता, एका ब्रिटिश विद्यापीठाच्या तिथल्या कॅम्पसमध्ये. दुसरं वर्ष सरत आलं आणि मेल आला की चालू परीक्षा झाल्या की कॅम्पस बंद. पोरांना इंग्लंडला सामावून घेऊ म्हणाले, पण तिथला राहण्याचा खर्च आम्हाला कुठला झेपायला! त्याने दुबईतच दुसरं विद्यापीठ गाठलं. आधी पास केलेल्या विषयांची बहुतेक क्रेडिट्स मान्य झाली, व्हिसाही त्यांनीच बदलून दिला. माझा जीव खाल्ला तो बेळगावच्या बँकेने.

कर्जाला मी सहकर्जदार, आमचं खानापूरचं घर तारण. साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात दोनच चौकटी, ‘अभ्यासक्रम पूर्ण’ आणि ‘अभ्यासक्रम सोडला’. कॉलेजनेच पोरांना सोडलं तर कुठे खूण करायची? "मॅडम, दुसरेवाले पे टिक कर दीजिए." मी विचारलं, मग हप्ते कधीपासून? तर म्हणे लगेच! बरं झालं विचारलं.

मग विद्यापीठाचं पत्र हवं, सही-शिक्क्यासकट. दुबईच्या ऑफिसात फोन उचलायला माणूस उरला नव्हता. इंग्लंडहून पत्र आलं ते पीडीएफ, खाली पडताळणीची लिंक. बँक म्हणते शिक्का कुठाय, ते म्हणतात आम्ही शिक्का मारतच नाही. हेड ऑफिसला विचारतो म्हणाले, आणि मध्येच साहेबांची बदली. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट आहे म्हणून बरं, नाहीतर नुसत्या भाड्यात एक हप्ता गेला असता.

नव्या साहेबांना तर विद्यापीठ असं बंद होतं हेच पटेना. मुलाने सांगितलेलं मी तसंच ऐकवलं: ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २००७ मध्ये सिंगापूरचा कॅम्पस मार्चमध्ये उघडला आणि जूनमध्ये बंदही केला. साहेब गप्प. फाइल मात्र जागची हलली नाही.

तोंडी बोलणं सोडलं तेव्हा काम झालं. ‘संस्था बदल’ असा विषय घालून अर्ज लिहिला, पीडीएफ, नवं प्रवेशपत्र आणि फीचा तक्ता जोडला, आणि माझ्या प्रतीवर पोच घेतली. शिक्का मागणाऱ्यांकडून शिक्का घेताना बरं वाटलं, खोटं का बोलू! उत्तर नाही म्हणून बँकेच्या तक्रार विभागाला लिहिलं, खाली एक ओळ टाकली: तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. तेवढं पुरलं. फोन त्यांचाच आला, "मॅडम, आ जाइए."

उरलेल्या फीचा परतावा थेट कर्जखात्यातच मागा, आपल्या खात्यात घेतलात की पुन्हा खुलासे. हॉस्टेलचं डिपॉझिट वेगळं मागावं लागतं. आमचं अजून यायचंय.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. बंदचा मेल आला त्याच दिवशी प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम आणि मार्क पोर्टलवरून उतरवून घ्या. नवीन विद्यापीठ क्रेडिट मोजताना तेच मागतं, आणि लॉगिन कधी बंद करतील याचा नेम नसतो.