जुनी स्कॉर्पिओ, नागपूरचा उन्हाळा आणि ‘हेड गेलं’ म्हणणारे मिस्त्री

नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) गर्दीत एसी चालू असताना टेम्परेचरचा काटा चढतो आणि वर्धा रोडला गाडी मोकळी सुटली की आपोआप खाली येतो, असं होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील, आधी डोक्यातून काढा. गॅस्केट फुटली असेल तर इंजिनावर लोड आला की त्रास वाढतो. चढावर, हायवेला, गाडी भरलेली असताना. सिग्नलला तापून रस्त्यावर निवणारी गाडी हवा कमी पडल्याचं सांगत असते.

माझी स्कॉर्पिओ २.२ लिटर एमहॉक इंजिनची, बारा वर्षांच्या पुढची. तिचं लक्षण नेमकं हेच होतं. तरी पहिल्या गॅरेजात बॉनेट उघडल्याबरोबर निकाल लागला: “गॅस्केट गेली भाऊ, हेड खोलावं लागते.” दुसरीकडे स्वस्तातला उपाय मिळाला: “थर्मोस्टॅट काढून डायरेक्ट करून देतो, पुन्हा गरमच होणार नाही.” (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह.) एकानेही पंख्याला हात लावला नाही. मग स्वस्त तपासण्या आधी आणि महाग काम शेवटी, असा क्रम ठरवून तिसऱ्या मिस्त्रीकडून काम करून घेतलं. तोच क्रम इथे देतो. तो स्कॉर्पिओपुरता नाही. बोलेरो, सफारी, क्वालिस, पुढे इंजिनावर चालणारा पंखा असलेली कुठलीही जुनी डिझेल गाडी असो, बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

सुरुवात पुढच्या जाळीपासून. समोर एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर, आणि काही गाड्यांत टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलरही याच रांगेत. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण खरी घाण त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असते. धूळ, किडे, एप्रिल-मेमध्ये उडणारा सावरीचा कापूस, आणि कुठे तेल झिरपत असेल तर त्यावर चिकटून गोधडीसारखा बसलेला थर. तो काढायला रेडिएटरचे वरचे ब्रॅकेट सोडून मध्ये टॉर्च मारून बघावं लागतं. पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाते. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की जाळीच्या पातळ पत्र्या (फिन्स) आडव्या पडतात आणि मग हवा कायमचीच अडते. साधा पाइप, मऊ ब्रश आणि थोडा धीर पुरतो.

त्यानंतर पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर, म्हणजे श्राउड. पूर्वी कधी बेल्ट किंवा पाण्याचा पंप बदलताना ते काढलं जातं, एखादा क्लॅम्प तुटतो आणि खालचा तुकडा गॅरेजातच राहतो. माझ्या गाडीत खालचा अर्धा भाग नव्हताच. श्राउड नसला की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची, इंजिनाचीच गरम हवा फिरवत राहतो. हायवेला फरक कळत नाही, कारण तिथे वारा समोरून येतो. सिग्नलला लगेच कळतो.

आता व्हिस्कस पंखा. या पंख्याच्या मधल्या डबीत सिलिकॉन ऑइल असतं आणि पुढे बायमेटलची पट्टी किंवा स्प्रिंग. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, आतला व्हॉल्व्ह उघडतो, ऑइल कामाच्या जागी येतं आणि पंखा इंजिनाला घट्ट धरून फिरतो. ऑइल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण जोर लावत नाही. ‘पंखा तर चालू आहे ना’ हे उत्तर म्हणूनच काही कामाचं नाही. तपासणी तीन प्रकारे होते. इंजिन थंड आणि बंद असताना हाताने फिरवा: किंचित जडपणा लागला पाहिजे, भिंगरीसारखा मोकळा फिरला तर गेला. डबीच्या मध्यापासून बाहेर पसरलेले तेलकट, धूळ धरलेले पट्टे दिसले तर ऑइल गळतंय. आणि गाडी चांगली तापलेली असताना आरपीएम वाढवल्यावर ‘घूं’ असा मोठा आवाज यायला हवा. तो येतच नसेल तर पंखा धरत नाही. पंखा धरून इकडेतिकडे हलवला आणि बेअरिंगमध्ये खेळ लागला तर वेळ घालवू नका, सुटलेला पंखा रेडिएटर फाडतो. हाताने करायच्या सगळ्या तपासण्या इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून.

नागपुरात घाट रोडच्या पार्ट्सच्या दुकानांत पंखा घ्यायला गेलं की ऑइल भरून दुरुस्त केलेला जुना क्लचही, म्हणजे पंख्याची तीच मधली डबी, पुढे केला जातो. तो मी घेतला नाही. किती ऑइल भरलं आणि पट्टी कोणत्या तापमानाला वळते हे बघायची सोय दुकानात नसते. जुना पार्ट सोबत न्यावा, त्यावरचा नंबर, ब्लेडची संख्या आणि बोल्टचं अंतर जुळवावं. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्यावा. ‘एमहॉकचाच आहे’ एवढ्यावर घेतलेला पार्ट परत होत नाही.

रेडिएटरची टोपी ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात दुर्लक्षित. टोपी सिस्टिममध्ये दाब धरते, साधारण १ बारच्या आसपास, आणि त्यामुळे साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या जवळपास उकळतं. रबर कडक झालं की दाब सुटतो, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाण्याचं मिश्रण) बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत उकळून बाहेर पडतं आणि लोक समजतात गॅस्केट गेली. टोपीवर छापलेल्या दाबाचीच नवी टोपी घ्या. जास्त दाबाची लावली तर जुने होज आणि प्लास्टिकच्या टाक्या फुटतात. खालचा होज दाबून बघा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, मऊ पडला किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली तर जास्त आरपीएमला चपटा होतो आणि पाणीच अडतं. पाण्याच्या पंपाखाली एक छोटं भोक असतं. तिथून पांढरा किंवा रंगीत ओघळ खाली आलेला दिसला तर आतलं सील गेलंय.

थर्मोस्टॅट काढून ‘डायरेक्ट’ करायचं की नाही यावर नागपुरात वाद होतात. मी काढू दिला नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त पितं आणि झीज वाढते. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची थाळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करते, तिथे तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरमध्ये न जाता पुन्हा इंजिनातच फिरतं. म्हणजे उन्हाळ्यासाठी काढायचा आणि उन्हाळ्यातच गाडी तापायची. तपासणी घरच्या गॅसवर होते. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोरीने असा लटकवायचा की बुडाला टेकणार नाही, सोबत थर्मामीटर. त्यावर जो आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२ ते ८८ च्या दरम्यान, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि आणखी १० ते १२ अंशांवर पूर्ण उघडा दिसला पाहिजे. अर्धवट उघडला तर नवा. बसवताना त्यावरची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला येऊ द्या, हवा तिथून निघते.

रेडिएटर आतून भरला आहे का हे बाहेरून दिसत नाही. मी लेझरचा ठिपका टाकणारी तापमानाची गन वापरली. एक अडचण लक्षात ठेवा: चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन कमी आकडा दाखवते. म्हणून कोअरवर, म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांच्या जाळीवर, जागोजागी काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे लावायचे, गाडी गरम करायची आणि त्या तुकड्यांवर मोजायचं. तापमान आत शिरण्याच्या बाजूपासून बाहेर पडण्याच्या बाजूकडे हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. माझ्या कोअरचा खालचा पट्टा असाच होता. कारण ओळखीचं आहे: वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी टाकत राहायचं, त्याचे क्षार नळ्यांत बसतात. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर टाकी खोलून रॉड मारता येतो, झाळून पुन्हा लावता येतो. ॲल्युमिनियम कोअर आणि प्लास्टिकच्या टाक्या असतील तर रॉडने पातळ नळ्या फाटतात आणि ॲसिडने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तिथे नवाच घ्यावा.

कूलंट भरताना बहुतेक ठिकाणी एक हिशेब चुकतो. रेडिएटरचा खालचा कॉक सोडला तरी ब्लॉक आणि हीटरमध्ये बरंच पाणी राहतं. फ्लश केल्यावर ते साधं पाणी असतं, त्यावर तयार मिश्रण ओतलं की सगळं पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या आणि गाडीच्या पुस्तकातली एकूण क्षमता बघा. समजा ती १० लिटर असेल, तर आधी ५ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. निम्म्याहून जास्त कूलंट टाकून गाडी जास्त थंड होत नाही, उलट कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. कूलंटचा गुण रंगावरून ओळखू नका, डब्यावरचा प्रकार वाचा आणि दोन प्रकार मिसळू नका. हवा काढायला पुढची चाकं चढावर, हीटर पूर्ण गरमवर, टोपी उघडी ठेवून थंड इंजिन चालू करायचं, वरचा होज दाबत राहायचं, बुडबुडे थांबले की टोपी. गाडी एकदा पूर्ण तापून निवली की लेव्हल पुन्हा बघायची. ती उतरलेली असतेच.

एवढं झाल्यावरही कूलंट कमी होत असेल आणि बाहेर थेंब दिसत नसेल, तर मग गॅस्केटकडे वळा, पण ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग) असलेल्या गाडीत तो आधी तपासा. तो आतून फुटला तरी कूलंट धुरात निघून जातं. गॅस्केटची खूण अशी: रात्रभर थंड राहिलेली गाडी चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत, पाणी कोमट व्हायच्या आधीच वरचा होज दगडासारखा कडक होतो, किंवा उघड्या टोपीतून रेस दिल्याबरोबर बुडबुडे येत राहतात. मिस्त्रीला म्हणा, “भाऊ, हे आधी दाखवा, मग हेड खोला.” चांगला मिस्त्री दाखवतो.

हेड खोलायचंच झालं तर पैसे तीन ठिकाणी वाचवू नयेत. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेड किती वाकलंय ते मशीन शॉपमध्ये आपल्यासमोर मोजून घ्यावं, न मोजता फेस मारू (पृष्ठभाग घासून सपाट करू) देऊ नये. बऱ्याच डिझेल इंजिनांच्या गॅस्केटला जाडीच्या ग्रेड असतात, कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून त्या ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजूनच ग्रेड ठरते. आणि ज्या इंजिनात हेड बोल्ट अंशात फिरवून ताणायचे असतात, तिथे बोल्ट नवे लागतात आणि टॉर्क रेंच लागतो. ‘हाताचा अंदाज आहे’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

मिस्त्रीशी व्यवहार करताना मी कामाआधी कागदावर चार गोष्टी लिहून घेतो: लक्षण, कोणती तपासणी करायची, फोन न करता किती रुपयांपर्यंत काम करायचं, आणि काढलेले पार्ट परत. शेवटची अट बोलली की निम्म्या अनावश्यक बदल्या आपोआप टळतात. मजुरी मात्र घासाघीस करून तोडत नाही. श्राउडचे क्लॅम्प नीट लावायला अर्धा तास जातो, आणि तोडलेल्या मजुरीत पहिला तोच अर्धा तास जातो.

इतक्या जुन्या गाडीत पैसे घालावेत का, हा प्रश्न येतोच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे आरटीओत तपासणी होऊन ५-५ वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर वेगळा. चेसिस गंजलेली नसेल आणि इंजिन तेल पीत नसेल तर पंखा, रेडिएटर, होज, टोपी आणि कूलंट मिळूनचा खर्च हेडच्या कामापेक्षा बराच खाली राहतो. माझ्या गाडीत चेसिस चांगली होती, म्हणून केला.

काम झाल्यावर चाचणी दोन्ही प्रकारे घ्यावी. दुपारी एसी लावून व्हरायटी चौकाच्या गर्दीत, आणि मग शिवमडक्यावरून समृद्धीवर एका वेगाने. काट्यावर पूर्ण विसंबू नका. कित्येक गाड्यांत तो मोठ्या टप्प्यात मध्यावरच बसवलेला असतो आणि सरकतो तोवर उशीर झालेला असतो. तापता तापता काटा एकदम खाली पडला तर खुश होऊ नका, सेन्सरपाशी पाणीच उरलं नाही असंही असू शकतं.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, रस्त्यात गाडी तापलीच तर एसी बंद, हीटर आणि त्याचा ब्लोअर पूर्ण, काचा खाली, गाडी सावलीत बाजूला. कूलंट बाहेर गेलेलं नसेल तर इंजिन थोड्या चढ्या आयडलवर चालू राहू द्या, पंखा आणि पंप फिरत राहतात. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र लगेच बंद. इंजिनावर वरून गार पाणी ओतू नका, हेड वाकतं. टोपी उघडायची ती वरचा होज हातात धरवेल इतका निवल्यावर, जाड कपडा टाकून, आधी थोडीशीच फिरवून आणि दाब पूर्ण सुटू देऊन.