तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रान्समीटर कुठला घ्यावा?

"शाळेच्या आणि गावच्या प्रश्नांसाठी सामुदायिक रेडिओ काढायचाय, ट्रान्समीटर कुठला घ्यावा?" गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडून, पेडण्याहून, कधी काणकोणहून हा प्रश्न येतो. सामुदायिक रेडिओ म्हणजे आपल्या भागापुरतं, गावच्या लोकांनी चालवायचं छोटं एफएम केंद्र. विचारणारे बहुतेक शिक्षक असतात, नाहीतर महिला मंडळातल्या कार्यकर्त्या. उत्तर देतोच, पण आधी एक सांगा: पहिल्या पंधरा दिवसांचे कार्यक्रम तयार आहेत? रोज चार तास प्रक्षेपण धरलं आणि त्यातला एकच तास नवा ठेवला, बाकी पुनःप्रसारण, तरी पंधरा तासांचा नवा मजकूर लागतो. यंत्र पैसे टाकले की येतं. हे पंधरा तास तसे येत नाहीत.

तरी यंत्राचं आधी उरकू. नियमानुसार प्रभावी शक्ती, म्हणजे अँटेनाने फेकलेल्या लहरींचा जोर, सहसा १०० वॅटच्या वर नेता येत नाही आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपेक्षा उंच चालत नाही. योग्य अँटेना असेल तर ५० वॅटचा मान्यताप्राप्त ट्रान्समीटर पुरतो. मोकळ्या मैदानात आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. सत्तरीत मात्र मध्ये डोंगर आला की चार किलोमीटरवरच्या गावातही नुसती खरखर, कारण एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. म्हणून जागा ठरवण्याआधी गूगल अर्थवर प्रत्येक वाड्यापर्यंतचा उंचीचा छेद, म्हणजे मधल्या जमिनीचा चढउतार, काढून पाहा.

लोक पैसे वाचवतात ते नेमके ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतच्या केबलमध्ये. बारीक आरजी-५८ केबल चाळीस मीटर ओढली तर पाऊण शक्ती केबल तापवण्यातच जाते. अर्धा इंची फोम केबलमध्ये जेमतेम पाचवा हिस्सा जातो. दुसरी चूक अर्थिंगची. खांब उंच म्हणून सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, उभारतात, पण जांभा दगड उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो, विजेला तो वाटच देत नाही. मग मे महिन्यातल्या पहिल्या गडगडाटात ट्रान्समीटर जातो. अर्थिंगचा खड्डा मातीचा थर मिळेल तिथे, बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) घालून करा आणि रोध ५ ओहमच्या खाली आल्याचं मोजून घ्या. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

अर्ज माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर करायचा. परवाना शिक्षणसंस्थेला, कृषी विज्ञान केंद्राला किंवा नोंदणीकृत ना-नफा संस्थेला मिळतो. एकट्या माणसाला किंवा राजकीय पक्षाला नाही. निम्मा तरी मजकूर स्थानिक हवा. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिराती तासाला १२ मिनिटांपर्यंत घेता येतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. मात्र परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना हे बातम्यांत धरत नाहीत, आणि शाळेच्या कामाला एवढी मुभा पुष्कळ झाली. प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. रोजचे चार तास १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ठेवले तर तीन महिन्यांचे वीस-एकवीस जीबी होतात, ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरे.

आता कार्यक्रम. एकच उदाहरण घेऊ. गोव्यात २०२५ पासून सहावीपासून पुढच्या बहुतेक वर्गांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागलं. नेमका तोच काजूचा हंगाम. बागायतीत घरचे सगळे हात लागतात: बोंडू (काजूची फळं) वेचायचे, बी पिरगळून वेगळी काढायची, रस भट्टीवर पोचवायचा. वर्गात बाक रिकामे. यावर रेडिओवाले हटकून काय करतात? शिक्षण खात्यातल्या साहेबांना स्टुडिओत बसवतात आणि साहेब 'शिक्षणाचे महत्त्व' सांगत पंचवीस मिनिटं घेतात. शिक्षण महत्त्वाचं नाही असं त्या बागायतीत कुणीच म्हणत नसतं.

त्यापेक्षा सकाळी सातला रेकॉर्डर घेऊन बागायतीत जा. "शाळा महत्त्वाची वाटते का?" असं विचारलंत तर "हय" एवढंच मिळेल. "काल उठल्यापासून काय काय केलंत?" असं विचारा. मुलाच्या आईला हिशेब विचारा: यंदा बियांना दर काय, गड्याची मजुरी किती, पोराला शाळेत धाडलं तर एक माणूस वाढवावा लागतो का? ती जे आकडे सांगेल तोच कार्यक्रमाचा कणा. मग शिक्षिकेला विचारा: मूल वर्गात नसलेल्या आठवड्यांत गणिताचा कुठला भाग झाला, आणि मूल मागाहून आलं तर तो पुन्हा घेता येतो का? शेवटी साहेब. त्यांना आईचं बोलणं ऐकवायचं आणि त्यावरच चार मिनिटं बोलायला लावायचं. उरलेल्या वेळात श्रोत्यांचे फोन. तासभराच्या रेकॉर्डिंगमधून सात-आठ मिनिटं कामाची निघाली तर समाधान माना.

भाषेचा घोळ घालू नका. निवेदन मराठीत असलं तरी ती आई कोकणीत बोलेल, मध्ये मराठी येईल, बोलू द्या. कागदावर लिहून वाचायला लावलंत की माणूस लगेच हेडमास्तर होतो.

ध्वनिमुद्रणात काय बिघडतं तेही सांगतो. माइक तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरका धरा, म्हणजे 'प', 'फ' फुटत नाहीत. आवाजाची पातळी रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. वर जाऊन फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही. पंख्याची घरघर मागाहून बरीच कापता येते, पत्र्यावरचा पाऊस अजिबात नाही, तेव्हा जूनमध्ये कौलारू घर शोधा. निघताना कुणीही न बोलता अर्धा मिनिट त्या जागेचा आवाज घ्या. जोडकामात तुटलेल्या जागा त्यानेच बुजतात. यंत्रं कोण चालवणार, याची धास्ती नको. तेलंगणातल्या माचनूरचं संघम रेडिओ २००८ पासून गावच्या दलित बायका चालवतात, ध्वनिमुद्रण आणि संपादन धरून.

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. मुलाची मुलाखत पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नका. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पॉक्सो कायद्याच्या २३ व्या कलमानुसार मुलाचं नाव, घर, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीच देता येत नाही. नाव बदलून भागत नाही. पन्नास घरांच्या वाड्यात आवाजावरून मूल कळतं. अशा वेळी मूळ रेकॉर्डिंग लावायचंच नाही. ओळख पटेल असे तपशील बदलून तो मजकूर दुसऱ्या वाड्यातल्या मोठ्या माणसाकडून बोलून घ्यायचा, आणि शेवटी १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक दोनदा, सावकाश सांगायचा. दारूपायी होणारी मारहाण, मुलीचं लवकर ठरवलेलं लग्न, यांनाही हीच रीत.

आणि ऐकणार कोण? बऱ्याच नव्या मोबाइलमध्ये एफएमची सोयच नसते. असली तरी अँटेना म्हणून वायरचा इअरफोन खुपसावा लागतो. म्हणून बचतगटाच्या बैठकीत, भजनाआधी देवळाच्या मंडपात, कार्यक्रम स्पीकरवर लावा. तुम्ही मागे बसा, हातात घड्याळ आणि वही. बायका कितव्या मिनिटाला आपसात बोलायला लागल्या ते टिपा. बोलणं काजूच्या दराचं आणि शाळेचं असेल तर पुढचा भाग तिथूनच सुरू करा. भलतंच असेल तर ते मिनिट पुन्हा ऐका; बहुधा तिथे साहेब सापडतील.